शेऱ्याचा रकाना

रजिस्टरमध्ये महिन्याला एक पान.
तारीख, कमाल, किमान, पाऊस मिलिमीटरमध्ये,
आणि अगदी कडेला, शिवणीत अर्धा दडलेला,
बोटभर रुंदीचा रकाना : शेरा.
पागेकाका निवृत्त होताना म्हणाले होते,
तिथं फार लिहू नकोस. वर कुणी वाचत नाही.

रामबागेतून पहिली बस, हातोदला उतरून
मैलभर चाल, आणि साडेआठला मापातली काच.
सव्वीस वर्षं.
इंदूरच्या आमच्या घरात ऋतू म्हणजे
भुट्ट्याचा कीस, मग गराडू, मग कैरीची डाळ.
इथं कळलं की सोयाबीनची शेंग भरते
ती दोन ढगांच्या मधल्या उन्हानं,
आणि तेच पाणी आश्विनात आलं,
सोंगून ढीग लावल्यावर,
तर दाणा शेंगेतच मोड काढतो,
कुणी मटकी भिजत घातल्यासारखा.
त्या वर्षीचा माझा शेरा : पाऊस सरासरीइतका.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

पौषात आकाश घासून ठेवल्यासारखं दिसलं
की मला धडकी भरते.
वारा पडतो. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.
एकदा संध्याकाळी ओला पारा, कोरडा पारा पाहिला,
घरी आले, जेवले, भांडी आवरली,
आणि अकराला सुगनबाईला फोन लावला :
हरभऱ्याला पाणी सोड. आत्ता.
शेतीची वीज दहाला आली होती. तीनला गेली.

सकाळी किमान एक पूर्णांक सहा.
शेताच्या मधोमध रेघ.
अलीकडे हिरवं.
पलीकडे काळं, उकडून निथळत ठेवल्यासारखं.
रेघेवर उभी राहून तिनं एवढंच विचारलं,
"थारो फोन दस बजे आतो तो?"

शेरा : दहिवर.

माघ तापला तर गहू घाईनं म्हातारा होतो.
ओंबी ताठ उभी, चोळली की तळहातावर फोलपटं.
बटाट्याला थंडी हवी, लसणाला ती वेळेवर उतरलेली हवी,
कांद्याला कधी काय हवं ते
कांदासुद्धा सांगू शकणार नाही.
मी आकडे लिहिते.
आकडा नेहमी दुसऱ्या दिवशीचा असतो.
पिकाला तो पहाटे चारलाच कळलेला असतो.

गेल्या श्रावणात पावसानं ओढ दिली.
शून्य, शून्य, शून्य. एकोणीस दिवस.
काळ्या मातीत मनगट जाईल अशा भेगा,
आणि सोयाबीननं पानं उलटी केलेली,
सगळं रान पाठमोरं, फिकट.
विसाव्या सकाळी नरसाळं उचललं
तर मापात पाणी.
सहा पूर्णांक चार.
मी वर पाहिलं. ढगाचा कपटा नाही.
कुंपणापाशी सुगनबाईचा नातू भेरू,
पाठीमागे तांब्या लपवलेला,
त्याच्यातून अजून ठिबकतंय.
त्याचं म्हणणं सरळ होतं :
तुम्ही लिहिता, मग पेपरात येतं,
म्हणजे पाऊस इथूनच मागवत असणार.

मी शून्य लिहिलं. नियम तोच आहे.
शेऱ्यावर पेन टेकवलं, शाईचा ठिपका उमटला,
तो तसाच राहू दिला.
मापातलं पाणी मात्र फेकवेना.
बांधालगतच्या एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं,
भेरूच्या देखरेखीखाली,
सहा पूर्णांक चार, एका रोपापुरता.

पाऊस आला त्यानंतर नवव्या रात्री,
तिरपा, गडगडत, निम्मी फुलं गळून गेल्यावर.
सकाळी भेरूनं समजावलं :
लांबून यायचं असतं, बाई. उशीर होणारच.

सोंगणीत ते झाड मी शोधलं.
सगळी सारखीच होती.
बहुतेक तिसरं, किंवा चौथं.